बीटलचा ३० किग्रॅ-मीटरचा नट: जोर न लावता आवळण्याच्या नोंदी

गाडी: फोक्सवॅगन बीटल, १९६१, गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षातली. इंजिन ११९२ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६४ मिमी, सहा व्होल्टचं, १०९ दातांचं फ्लायव्हील. इंजिन गाडीतून काढून बाकावर घेतलेलं आहे. जागा: म्हापशाजवळ, घरामागची पत्र्याची शेड. माणसं दोन, दोघंही साठीच्या पुढची.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आजचं काम कागदावरचं. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचं जड चाक, क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) एकाच मोठ्या ग्लँड नटने धरलेलं असतं. आटे एम २८ × १.५ (२८ मिमी व्यास, दोन आट्यांत १.५ मिमी), सॉकेट ३६ मिमी. या काळातल्या इंजिनासाठी पुस्तकातला आकडा ३० किग्रॅ-मी, म्हणजे २९४ न्यूटन-मीटर किंवा २१७ पाउंड-फूट. नंतरच्या इंजिनांच्या पुस्तकांत ३५ किग्रॅ-मी सापडतो. आपलं इंजिन जुनं, म्हणून ३० धरायचा.

३० किग्रॅ-मी म्हणजे नटाच्या मध्यापासून १ मीटरवर ३० किलो. ४५ सेंमीच्या हँडलवर तोच आकडा ६७ किलो होतो, ६० सेंमीवर ५० किलो, १.२ मीटरवर २५ किलो. साठीनंतर खांदा, मनगट आणि कंबर ६७ किलोच्या ओढीसाठी नसतात. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणी एकदम चढतो. सॉकेट निसटला तर तेवढाच जोर माणसाला मागे फेकतो, आणि मागे सिमेंटची जमीन असते.

तेव्हा ठरलं ते असं. बारला कोणी ओढायचं नाही. बार आडवा ठेवायचा, त्याच्या टोकाला पाण्याचा कॅन टांगायचा आणि वजन मोजूनच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, द्यायचा. पुस्तकातला आकडा किग्रॅ-मीटरमध्ये असल्याने ते सोपंही पडतं. १:५ किंवा १:९ची, टॉर्क वाढवणारी ग्रहचक्री गिअरपेटी मिळाली तर तीही उत्तम, फक्त गुणाकार करताना पेटीवर लिहिलेलं प्रत्यक्ष गुणोत्तर घ्यायचं; आतल्या घर्षणाने ते नावापेक्षा कमी असतं. ती नसेल तर पाणी पुरतं.

इम्पॅक्ट गनने (ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्राने) आवळायचं नाही. सोडवायला ती चालते, पण आवळताना ती किती टॉर्क देते आहे ते हाताला किंवा डोळ्याला कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

जुना नट सोडवला. काम सकाळी सात ते नऊ, ऊन चढायच्या आत.

फ्लायव्हील अडवायला ४० × ४० × ५ मिमीचा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) घेतला. क्लच प्लेटच्या दोन शेजारच्या बोल्टछिद्रांवर पुठ्ठा दाबून छाप घेतली, अँगलला त्या मापाची भोकं पाडली आणि ८.८ ग्रेडच्या एम ८ बोल्टांनी तो फ्लायव्हीलला बसवला. अँगलचं दुसरं टोक डाव्या बाजूला, नटाच्या मध्यापासून ८० सेंमीवर, गाडीच्या स्क्रू जॅकवर टेकवलं. जॅकखाली दोन चिरे (जांभ्या दगडाचे) आणि वर फणसाची फळी. चिऱ्यावर जॅक थेट ठेवायचा नाही. कडा चुरते आणि जॅक कलतो.

सोडवताना बारही डाव्या बाजूला येतो, कारण डावीकडून खाली दाबलं की नट उलटा फिरतो. पाऊण इंची ड्राइव्हचा बार हँडल, वर लोखंडी पाइप, मध्यापासून टोकाच्या खाचेपर्यंत १.५ मीटर. बार आणि पाइप मिळून ६.१ किलो, तोल ६६ सेंमीवर. म्हणजे नुसता बारच ४ किग्रॅ-मी देतो.

पहिल्या खेपेला कॅनमध्ये ३० किलो. ४५ अधिक ४, म्हणजे ४९ किग्रॅ-मी. नट हलला नाही. अँगल हलला: छिद्रांपासून चार बोटांवर तो स्पष्ट वाकला. या जाडीच्या अँगलची ताकद साधारण एवढ्याच भाराला संपते आणि भोकांमुळे आणखी घटते. वजन लगेच उतरवलं. घरात ५० × ५० × ६ चा तुकडा होता, त्याला तीच भोकं पाडून तो बसवला. पहिल्यापासून ५० × ५० × ६ च घ्या. ४० चा अँगल आवळायला चालेल, सोडवायला नाही. साठ वर्षांत नट किती धरून बसला असेल ते आधी कळत नाही.

दुसऱ्या खेपेला ३० किलो टांगून वीस मिनिटं तसंच सोडलं. नटाच्या कडेवर पितळी सळई ठेवून एक किलोच्या हातोडीचे हलके, एकसारखे ठोके दिले. मग तांब्या-तांब्याने पाणी घालत ३६ किलोवर नेलं. ५४ अधिक ४, म्हणजे ५८ किग्रॅ-मी. नट 'टक्' करून सुटला, कॅन तीन सेंमी खाली फळीवर टेकला. बस. कॅनचं तळ फळीपासून कधीही पाच सेंमीच्या वर नको. सुटण्याच्या क्षणी कॅन जेवढा खाली येईल तेवढाच धोका.

बारवर उभं राहायचं नाही. पाइपला दुसरा पाइप जोडायचा नाही. चकचकीत क्रोमचा पातळ सॉकेट वापरायचा नाही. तो फुटला की कपची उडते. काळा, जाड, सहा कोनांचा इम्पॅक्ट सॉकेटच घ्यायचा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साफसफाई आणि तपासणी. क्रँक आणि फ्लायव्हील जोडणाऱ्या चारही डॉवेल पिना हाताने घट्ट बसतात, भोकं गोल आहेत. हे पाहणं फार महत्त्वाचं. ग्लँड नट ढिला राहिला तर फ्लायव्हील पिनांवर थडथडत राहतं, भोकं लांबट होतात, आणि मग फ्लायव्हीलसोबत क्रँकही बाद होतो. ३० किग्रॅ-मीटरचा खटाटोप यासाठीच.

सील (तेल अडवणारं रबरी कडं) ज्या दंडगोल भागावर घासतं तिथे नख फिरवून पाहिलं, खाच लागली नाही. नटाच्या आतला सुई-बेअरिंग मोकळा फिरतो; त्यात फक्त एक ग्रॅम ग्रीस, जास्त नको. जास्तीचं ग्रीस क्लच प्लेटवर उडतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

म्हापशाला बाजाराचा दिवस, म्हणून सगळी खरेदी आजच: हुकाचा डिजिटल काटा ५० किलोपर्यंतचा (मासळीवाले वापरतात तसा), २० लिटरचा जाड प्लॅस्टिकचा कॅन आणि त्यासोबत ५ लिटरचा, एक मीटर साखळी, दोन एस-हुक, १०.९ ग्रेडचे एम ८ बोल्ट चार, पाणसळ. कॅनचं हँडल ओढून पाहूनच घेतलं. पांढऱ्या, पातळ कॅनचं हँडल वीस किलोला मऊ पडतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

एंड प्ले, म्हणजे क्रँकची पुढेमागे हालचाल. नट पूर्ण आवळण्याआधी आणि सील बसवण्याआधी ही मोजावी लागते. ०.०७ ते ०.१३ मिमीच्या आत हवी. ०.१५ च्या वर गेली तर झिजलं समजायचं.

पद्धत: तीनपैकी दोनच शिम (पातळ चकत्या) घालायचे, क्रँक आणि फ्लायव्हीलमधलं गॅस्केट जागेवर ठेवायचं, नट साधारण १० किग्रॅ-मीवर बसवायचा. डायल गेजचं (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या यंत्राचं) टोक फ्लायव्हीलला टेकवून क्रँक मागेपुढे करायचा. आलेल्या आकड्यातून ०.१० वजा केले की तिसऱ्या शिमची जाडी मिळते.

शिम ०.३० आणि ०.३०. पहिला आकडा ०.४१, दुसरा ०.४३, तिसरा परत ०.४१. एकच गोष्ट तीन वेळा मोजून वेगवेगळे आकडे येत असतील तर शिम निवडायला बसायचं नाही, कारण शोधायचं. कारण शेडच्या भिंतीत होतं. भिंत उघड्या चिऱ्याची, वारा आला की तांबडी भुकटी उडते. एका शिमवर बोट फिरवलं तर बोटाच्या टोकाला तांबूस रंग लागला. शिम, क्रँकचा चेहरा (सपाट बाजू), फ्लायव्हीलचा चेहरा पेट्रोलने धुतले, सुती फडक्याने पुसले, शिमना नवं तेल लावलं आणि इंजिनाभोवती ओली चादर बांधली. मग तीन वेळा ०.४४. तिसरा शिम ०.३४ चा, हा मापाचा तयार मिळतो. बसवून पुन्हा मोजलं, ०.१० आलं.

कागदी गॅस्केट विसरलं तर हा सगळा हिशेब चुकतो. आवळल्यावर ते दबतं, म्हणून मोजणीच्या वेळीही तेच, नवं गॅस्केट.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नट आवळला. सकाळी साडेसहाला सुरुवात, आठला संपलं.

सील: कडेला तेल, सरळ आणि इंजिनाच्या केसच्या (बाहेरच्या कवचाच्या) चेहऱ्याशी समतळ. तिन्ही शिम तेलात बुडवून आत. क्रँक आणि फ्लायव्हील जिथे एकमेकांना भिडतात ते चेहरे मात्र कोरडे. नटाच्या आट्यांवर आणि वॉशरखाली इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब.

हे थेंब का मोजून, ते लिहून ठेवतो. पान्याने दिलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा नटाच्या चेहऱ्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेले जेमतेम १० टक्के खरी पकड देतात. कोरड्या आट्यांवर ३० किग्रॅ-मीने या नटाला अंदाजे सव्वापाच टनांची पकड मिळते. तेल लावल्यावर त्याच ३० ला ती सात टनांपर्यंत जाऊ शकते. गंजलेल्या आट्यांवर पान्याने आकडा दाखवला तरी पकड अर्ध्यावर राहते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर उघड्या लोखंडावर हाताला जाणवेल इतका गंज चढतो. तेव्हा आट्यांना तारेचा ब्रश, पेट्रोल आणि मग तेल, हा क्रम सोडू नये.

मांडणी: आवळताना अँगल आणि बार दोन्ही उजव्या बाजूला. अँगलचं टोक नटाच्या मध्यापासून ८० सेंमीवर, खाली स्क्रू जॅक. जॅकच्या डोक्यावर खाच पाडलेला लाकडी ठोकळा, अँगल त्या खाचेत बसतो आणि घसरत नाही. पाऊण इंची रॅचेट, त्यावर पाइप, मध्यापासून १.२ मीटरवर कानशीने पाडलेली खाच. खाच नसेल तर हुक सरकतो, अंतर बदलतं आणि आकडा खोटा ठरतो.

हिशेब: बार, रॅचेट आणि पाइप मिळून ५.२ किलो. गोल सळईवर तोलून पाहिलं, तोल मध्यापासून ५० सेंमीवर. ५.२ × ०.५ = २.६ किग्रॅ-मी. ३० मधून २.६ गेले, उरले २७.४. भागिले १.२, म्हणजे २२.८ किलो. खाचेत एस-हुक, त्याला काटा, काट्याखाली साखळी आणि कॅन. काट्याचं आणि वरच्या हुकाचं वजन मिळून ३०० ग्रॅम, ते काटा मोजत नाही, म्हणून काट्यावर २२.५ दिसलं पाहिजे. कॅन टांगलेला ठेवून तांब्याने पाणी घालत २२.५ केलं. २० लिटरचा कॅन तोंडोतोंड भरला, उरलेलं वजन साखळीला अडकवलेल्या ५ लिटरच्या कॅनमध्ये.

साखळीची लांबी अशी धरली की बार पाणसळीत असताना कॅनचं तळ फळीपासून तीन सेंमी वर राहील. बार १५° कलला तर टॉर्क साडेतीन टक्क्यांनी कमी होतो, ३०° कलला तर १३ टक्क्यांनी. पाच अंशांची चूक चालते, डोळ्यांनी अंदाज घेण्याची चालत नाही.

क्रम असा झाला:

नट आधी अर्धा इंची टॉर्क पान्याने १० किग्रॅ-मीपर्यंत. ४५ सेंमीच्या हँडलवर ही २२ किलोची ओढ आहे, तीही पाय पसरून, पाठ सरळ ठेवून, बार छाती आणि कंबरेच्या मध्ये असताना, स्वतःकडे ओढून दिली. ढकलून नाही, ढकलताना पाना निसटला की माणूस तोंडावर जातो.

नट आणि फ्लायव्हील यांवर आडवी पांढरी रेघ मारली.

मग वजनाचा भाग. कॅन फळीवर उभा, साखळी ढिली. एकाने जॅकचा हात फिरवायचा, दुसऱ्याने पाणसळ आणि काटा पाहायचा. बारला कोणीही हात लावायचा नाही. जॅक वर गेला की अँगल वर जातो, फ्लायव्हील आणि त्यासोबत बार थोडा उलटा फिरतो, साखळी ताणली जाते, काट्यावर आकडा चढू लागतो. नट अजून ढिला असेल तर बार तिथेच थांबतो आणि फ्लायव्हीलच नटाखाली सरकत राहतं, म्हणजे नट आवळला जातो. कॅन उचलायचं कामही जॅकच करतो. माणसाला उचलायचं काही उरत नाही. जॅकवर येणारा भार ३७-३८ किलो अधिक अँगलचं वजन, दोन बोटांनी फिरतो.

पहिली खेप: जॅक पूर्ण २० सेंमी वर, काट्यावर २० च्या आसपास, कॅन फळीवरच. जॅक खाली, रॅचेटने बार पुन्हा वर.

दुसरी खेप: पुन्हा पूर्ण चाल, शेवटी कॅनची एक कड उचलली.

तिसरी खेप: जॅक पाव चालीवर असताना कॅन उचलला गेला, काटा २२.५, बार पाणसळीत. दहा-बारा सेकंदांत कॅन हळूच खाली येऊन टेकला. घाई केली असती तर इथेच काम संपलं असं वाटलं असतं. थांबलेला नट हलायला जास्त जोर मागतो आणि हलता नट कमी. म्हणून तो सरकत असताना ज्या भाराला थांबतो तोच आकडा खरा. जॅकला आणखी दोन फेरे दिले. कॅन उचलला गेला आणि घड्याळ लावून दोन मिनिटं तसाच राहिला. काटा २२.५, बार आडवा. झालं.

रेघेवरून मोजलं तर १० ते ३० किग्रॅ-मीच्या प्रवासात नट सुमारे ३५° फिरला.

भार उतरवण्याचा क्रम: आधी जॅक खाली, कॅन फळीवर पूर्ण टेकेपर्यंत. मग साखळी सोडायची, मग बार, सर्वांत शेवटी अँगल. अँगल आधी सोडायला गेलात तर बोल्टांवर अजून भार असतो आणि एम ८ चे आटे फ्लायव्हीलमध्येच ओढले जातात.

आज दुसरा कोणताही नट आवळलेला नाही, मुद्दाम. या इंजिनाच्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) १० मिमी स्टडना (केसमध्ये रोवलेल्या, आटे असलेल्या सळयांना) फक्त ३.२ किग्रॅ-मी लागतात, म्हणजे आजच्या आकड्याच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास. आधी सगळे १ किग्रॅ-मीवर, मग क्रमाने ३.२. केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. मोठ्या नटाच्या दिवशी हाताचा अंदाज बिघडलेला असतो; त्याच हाताने हेड आवळायला घेतलं तर स्टड केसमधून आट्यांसकट बाहेर येतो. दोन कामांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी.

२३ फेब्रुवारी, रविवार

पांढरी रेघ सरकलेली नाही. नट पुन्हा आवळून पाहिला नाही. एंड प्ले परत ०.१०, फ्लायव्हील हाताने मोकळं फिरतं.

अर्धा इंची टॉर्क पाना हेडच्या कामाआधी त्याच पाण्याने तपासला. पान्याचा चौकोनी दांडा व्हाइसमध्ये, हँडल आडवं, मुठीच्या मध्यावर, म्हणजे ४० सेंमीवर, ८ किलो. ३.२ किग्रॅ-मी. पान्याचं स्वतःचं १.३ किलो वजन १८ सेंमीवर तोलतं, म्हणजे अधिक ०.२३. पाना ३.४ वर लावला तर या भाराला टिचकी, म्हणजे आकडा गाठल्याचा 'टक्' आवाज, यायला हवी. आली ३.३ वर लावल्यावर, ३.४ वर नाही. तीन टक्क्यांचा फरक आहे, चालेल. हेडच्या वेळी ध्यानात ठेवायचा.

वापर संपला की टिचकीचा पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते. डब्यात कोरड्या कपड्यात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी घालून ठेवला. या पान्याने नट सोडवायचा नाही, कधीच.

२ मार्च, रविवार

पणजीत कालपासून कार्निव्हलची गर्दी, म्हणून शेडमध्येच थांबून मागच्या ॲक्सलचे नट केले. सॉकेट तोच, ३६ मिमी. आकडाही किमान ३० किग्रॅ-मी.

इथे चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून चिरे. गाडी जॅकवर असताना हा नट आवळायचा नाही. एवढ्या ओढीला ती जॅकवरून उतरते. ॲक्सलचा मध्य जमिनीपासून ३० सेंमीच्या आसपास, त्यामुळे बारखाली उभा कॅन मावत नाही. त्याऐवजी व्यायामाच्या ५ किलोच्या चपट्या लोखंडी चकत्या चार, २.५ ची एक, वर दोरी आणि हुक. बारचा हिशेब तोच, म्हणून काट्यावर तोलून २२.८ केले. इथे जॅकची सोय नाही, म्हणून चकत्या एकेक करून चढवल्या, शेवटची चढवताना बार पाणसळीत आला.

नट खाचांचा आहे आणि त्यातून कॉटर पिन (नट फिरू न देणारी, टोकं दुमडायची पिन) जाते. ३० ला पोहोचल्यावर भोक समोर आलं नाही, तर पुढच्या खाचेपर्यंत आवळायचं. मागे फिरवून भोक जुळवायचं नाही. उजवीकडे लगेच जुळलं. डावीकडे अर्धी खाच पुढे न्यावी लागली, त्यासाठी ५ ची आणखी एक चकती लागली. दोन्हीकडे नव्या कॉटर पिना, टोकं दुमडून.